उभी तिरकी, आडवी तिरकी आणि डॅश: कमांड लाइनवर हा घोळ कुणी घालून ठेवलाय?

अर्धवट_इंजिनियर (मंगळवार, रात्री १०:५२)

मंडळी, आज डोकं फिरलंय म्हणून धागा काढतोय.

दिवसभर लिनक्सवर काम करतो, पण एका क्लायंटचं मशीन विंडोजचं आहे. तिथे सवयीने 'मेकडिर -पी लॉग्ज' टाइप केलं. लिनक्सवर याचा अर्थ "मधली फोल्डर नसतील तर तीही बनव". विंडोजने मुकाट्याने दोन फोल्डर बनवली: एक 'लॉग्ज' आणि दुसरं '-पी'. एरर नाही, काही नाही. वर कुणीतरी त्या सगळ्याची झिप करून लिनक्स सर्व्हरवर टाकली. ते '-पी' आता तिथे जाऊन बसलंय. असो, त्याचं बघू नंतर.

मुद्दा हा की विंडोजवर ऑप्शनला (कमांडला दिलेली जादा सूचना) / आणि पाथला (फाइलीचा पत्ता) \ आहे. लिनक्सवर ऑप्शनला - आणि पाथला / आहे. इकडे प्रॉम्प्टला (कमांडची वाट बघणारी खूण) >, तिकडे $, कुठे %, कुठे #. हे कुणी ठरवलं? काही कारण होतं, की मनाला येईल ते?

चिवडा_मस्त (रात्री १०:५८)

रुमाल. जेवून येऊन लिहितो.

सदाशिवपेठी_कमांडर (रात्री ११:०६)

सोपं आहे. युनिक्सशी फटकून वागायचं म्हणून मायक्रोसॉफ्टने मुद्दाम उलटं केलं. त्यांना सगळंच वेगळं हवं असतं.

जुनी_फ्लॉपी (रात्री ११:४१)

कमांडर, हे वाक्य मी गेली तीस वर्षं ऐकतोय आणि ते चूक आहे. उलट मायक्रोसॉफ्टला युनिक्सचीच नक्कल करायची होती. त्यांच्याकडे युनिक्सचा परवाना होता, १९८० मध्येच त्यांनी झेनिक्स नावाने स्वतःचं युनिक्स जाहीर केलं होतं.

आता घटना क्रमाने बघा. ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएम पीसी आला. त्यासोबतच्या डॉस १ या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये फोल्डर हा प्रकारच नव्हता. १६० केबीची फ्लॉपी, त्यात फाइली अशा किती असणार? सगळ्या एकाच यादीत. म्हणजे पाथ नाही, आणि पाथ नाही म्हणजे पाथचं चिन्हही नको. पण ऑप्शन होते, आणि त्यांना / लावलं होतं. फॉरमॅट/एस केलं की फ्लॉपी बूट होणारी बनायची.

मग मार्च १९८३ मध्ये पीसी एक्सटी आला, १० एमबीच्या हार्ड डिस्कसकट. दहा एमबीमधल्या फाइली एका यादीत कोण शोधणार? म्हणून डॉस २ मध्ये युनिक्ससारखी फोल्डरं आणली. पाथला / द्यायची इच्छा होती, पण त्या जागेवर ऑप्शनने दोन वर्षांपूर्वीच रुमाल टाकलेला. लोकांच्या बॅच फाइली (कमांडींच्या याद्या), आयबीएमच्या युटिलिट्या, सगळ्यांत /. आयबीएम ते मोडू देईना. मग शेजारची तिरकी सीट, म्हणजे \, पाथला मिळाली.

आणि गंमत ऐका. डॉस २ मध्ये कॉन्फिग फाइलीत 'स्विचचार=-' अशी एक ओळ टाकता यायची. टाकली की ऑप्शनला - आणि पाथला /, अगदी युनिक्ससारखं. डॉस ३ मध्ये ही ओळ काढून टाकली. पण पोटातली गोष्ट गेली नाही. आजही विंडोजच्या आतल्या फंक्शनला / वाला पाथ दिलात तर ते गुमान घेतं. अडतं ते कमांड प्रॉम्प्टवरच.

कोकणातला_कर्नल (रात्री ११:४६)

विरार लोकल आणि डॉस, दोन्हीकडे नियम एकच. आधी रुमाल टाकणाऱ्याची सीट.

चिवडा_मस्त (रात्री ११:४९)

माझ्या रुमालावरून एवढं काही निघेल असं वाटलं नव्हतं. जेवण चालू आहे अजून.

अर्धवट_इंजिनियर (रात्री ११:५५)

फ्लॉपीकाका, दंडवत. पण मग ऑप्शनला / कुठून आलं? तो रुमाल कुणाचा?

पायथन_पाटील (रात्री ११:५९)

सीपी/एम मधून. डॉस म्हणजे सीपी/एमची कॉपी. विषय संपला.

डेक_दहा (बुधवार, सकाळी ६:२०)

पाटील, विषय संपला म्हणायची घाई नको. मी सत्तरीच्या पुढचा माणूस आहे, पहाटे उठतो, म्हणून सविस्तर लिहितो.

सीपी/एम ही डॉसच्या आधीची ऑपरेटिंग सिस्टिम, गॅरी किल्डॉलने १९७४ मध्ये लिहिली. डॉसचा 'ए>' हा प्रॉम्प्ट तिथलाच, ते बरोबर. खरं तर टिम पॅटरसनने १९८० मध्ये जी ८६-डॉस लिहिली, जिच्यावरून पुढे डॉस झाली, तिचा प्रॉम्प्ट नुसता 'ए:' होता. आयबीएमने सांगितलं, सीपी/एमसारखा 'ए>' करा. केला. पण सीपी/एमचे स्वतःचे ऑप्शन / चे नव्हते. तिथे फाइल कॉपी करणाऱ्या पिप कमांडचे ऑप्शन चौकोनी कंसात लिहायचे. शिवाय त्यात आधी 'कुठे' आणि मग 'कुठून', 'बी:=ए:' असं. डॉसने तेही घेतलं नाही.

/ आलं ते डेक (डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन) कंपनीच्या मशीनांवरून. 'पिप' हे नावही किल्डॉलने तिथूनच उचललं. आणि बिल गेट्स व पॉल ॲलन यांनी १९७५ मध्ये अल्टेअर या मायक्रोकॉम्प्युटरसाठी बेसिक ही भाषा लिहिली तीच मुळी हार्वर्डमधल्या डेकच्या पीडीपी-१० वर. मायक्रोसॉफ्टचे असेंब्लर आणि लिंकर (प्रोग्रॅम बनवायची हत्यारं) सीपी/एमवर चालायचे, तेव्हाही त्यांचे ऑप्शन / नेच लिहायचे. माणूस जिथे शिकतो तिथली बोली तोंडात राहते, तसं.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. सत्तरच्या दशकात मुंबईत टीआयएफआरच्या (टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या) आवारात डेक-१० होतं. मी विद्यार्थी म्हणून तिथे जात असे. टेलिटाइपसमोर बसायचं, कागदावर एक टिंब उमटायचं. फक्त टिंब. तोच प्रॉम्प्ट. टिंब म्हणजे मॉनिटर, म्हणजे तिथली ऑपरेटिंग सिस्टिम, ऐकतोय. एखादा प्रोग्रॅम चालू केला आणि त्याला काही विचारायचं असलं की तो * छापायचा. म्हणजे डावीकडच्या त्या एका खुणेवरून आपण कुणाशी बोलतोय ते कळायचं. डिर/एफ म्हटलं की फाइलींची नुसती नावं, तारखा वगैरे फाटे नाहीत. आणि घरी जाताना के/एफ. हे तीन ठोके मारले की सेशन बंद, फाइली सलामत. माझ्या बोटांना के/एफ अजून आठवतं.

त्याआधी आम्ही कार्ड पंच करायचो. तेव्हाचा प्रॉम्प्ट म्हणजे खिडकीतला ऑपरेटर. तो मान वर करून "हं?" म्हणाला की गठ्ठा द्यायचा आणि दुसऱ्या दिवशी यायचं. स्वल्पविराम चुकला असेल तर तिसऱ्या.

कोकणातला_कर्नल (सकाळी ७:०२)

"हं?" हा जगातला सर्वोत्तम प्रॉम्प्ट आहे. आमच्या घरी अजून चालू आहे.

माई_शेल (सकाळी ९:३५)

डेककाका, लिहीत राहा. वाचनखूण साठवली.

युनिक्सच्या बाजूचं मी सांगते. - ची चाल मल्टिक्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये होती. एमआयटी, जनरल इलेक्ट्रिक आणि बेल लॅब्स यांचा हा १९६५ पासूनचा प्रकल्प. बेल लॅब्स १९६९ मध्ये बाहेर पडली आणि त्याच वर्षी केन टॉम्प्सनने युनिक्सला सुरुवात केली. मल्टिक्समध्ये ऑप्शनला - लावून अख्खा शब्द लिहायचा, आणि पाथला चक्क > होतं. म्हणजे आज ज्याला आपण फाइलीत ओतायची खूण म्हणतो, ती तिथे पाथमध्ये. प्रॉम्प्टही नव्हता, कमांड संपली की 'आर' छापून पुढे घड्याळातली वेळ आणि किती सीपीयू खाल्ला त्याचा आकडा. कमांड झाली की हातात बिल.

युनिक्सने शब्दाचं अक्षर केलं. त्याचं कारण टेलिटाइप. मॉडेल ३३ सेकंदाला दहा अक्षरं छापायचं आणि त्याची बटणं दाबायला अंगठ्याचा जोर लागायचा. म्हणून एलएस, सीपी, एमव्ही. म्हणून -एल, -ए.

प्रॉम्प्टचं म्हणाल तर सहाव्या आवृत्तीपर्यंत %, १९७९ च्या सातव्या आवृत्तीत बॉर्न शेलने (शेल म्हणजे आपण टाइप केलेली कमांड वाचून चालवणारा प्रोग्रॅम) $ आणलं. बर्कलीत बिल जॉयच्या सी शेलने % तसंच ठेवलं. रूटला, म्हणजे सर्वाधिकारी युझरला, #. एकेकाळी प्रॉम्प्ट बघूनच माणूस कुठल्या घराण्यातला ते कळायचं.

आणि 'शेल' हा शब्द लुई पूझाँचा. त्याने त्याआधी एमआयटीच्या सीटीएसएस या सिस्टिमवर 'रनकॉम' लिहिलं होतं, कमांडींची यादी चालवणारं. तुमच्या बॅशआरसी (शेल सुरू होताना वाचतं ती फाइल) मधलं 'आरसी' म्हणजे तेच रनकॉम.

सदाशिवपेठी_कमांडर (सकाळी ९:५०)

बरं, मायक्रोसॉफ्टचं मागे घेतो. पण म्हणून लिनक्सवाल्यांनी शहाणपणाचा आव आणू नये. टार कमांडला डॅश दिला काय, न दिला काय, चालतं. पीएसला डॅश दिला तर एक अर्थ, न दिला तर दुसरा. फाइंडला एका डॅशवर अख्खा शब्द लागतो. आणि डीडी? 'आयएफ=', 'ओएफ='. ती कुठल्या ग्रहावरची?

डेक_दहा (सकाळी १०:१५)

डीडी आयबीएमच्या ग्रहावरची. मेनफ्रेमला काम सांगायच्या जेसीएल भाषेत डीडी नावाचं विधान असतं, फाइल कुठली ते सांगणारं. तिथूनच ती थट्टेने उचलली. थट्टा करणारे गेले, कमांड राहिली.

माई_शेल (सकाळी १०:४०)

कमांडर, हे तुमचं खरं आहे, युनिक्समध्ये पहिली दहा वर्षं जो तो आपापल्या मनाने ऑप्शन वाचत होता. मग बेल लॅब्समध्ये ऑप्शन वाचून देणारं गेटऑप्ट आलं, आणि १९८५ मध्ये बेल लॅब्सची मूळ कंपनी एटी अँड टीने ते सगळ्यांना फुकट देऊन टाकलं. तेव्हापासून थोडी शिस्त. पण टार, पीएस, फाइंड ही त्याआधीची बिऱ्हाडं. त्यांना हात कोण लावणार?

दोन डॅश, म्हणजे '--हेल्प' वगैरे, ग्नू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाचे. त्यांनी लांब नावांसाठी सुरुवातीला + वापरलं होतं. पॉझिक्स या युनिक्सच्या प्रमाणाच्या नियमात ते बसेना म्हणून -- वर आले. नुसतं -- लिहून त्याला चिकटून काहीच नसेल तर अर्थ "ऑप्शन संपले, यापुढे सगळी नावं".

मेनफ्रेम_मावशी (सकाळी ११:२२)

आयबीएमचा विषय निघालाच आहे तर त्यांच्या मेनफ्रेमवरची व्हीएम/सीएमएस ही सिस्टिम विसरू नका. मी तिथे बारा वर्षं काढली. ऑप्शनच्या आधी उघडा कंस टाकायचा. कमांड, फाइलचं नाव, मग ( आणि पुढे ऑप्शन. बंद कंस टाकला तर टाकला, नाही टाकला तरी चालतं. कुणीच टाकत नाही. ड्राइव्हला अक्षर द्यायची पद्धतही याच घराण्यातली, तिथून सीपी/एम, तिथून डॉस. तुमचं सी: आमच्याकडून गेलंय. काम झालं की 'रेडी;' छापायचं, अर्धविरामासकट.

कोकणातला_कर्नल (सकाळी ११:२५)

कंस उघडा ठेवून बारा वर्षं? देवकीला विचारलं होतंत का?

मेनफ्रेम_मावशी (सकाळी ११:३१)

हहपुवा (हसून हसून पुरेवाट). जा, तुम्हाला रेडी;

साके_आणि_सोलकढी (दुपारी २:१०)

ओसाकातून नमस्कार. इथे आलो त्या पहिल्या आठवड्यात ऑफिसच्या मशीनवर कमांड प्रॉम्प्ट उघडला, तर सी: च्या पुढे येनचं चिन्ह. सी:¥>. मला वाटलं फाँट बिघडलाय. शेजारचा म्हणाला, आमच्याकडे असंच असतं.

कारण असं की जपानच्या १९६९ च्या कॅरेक्टर सेटमध्ये, आस्कीत (अक्षरांना नंबर देणाऱ्या अमेरिकी प्रमाणात) जिथे \ आहे त्या नंबरावर ¥ ठेवलंय. नंबर तोच, चित्र वेगळं. म्हणून विंडोज आत \ समजते आणि पडद्यावर ¥ दाखवते. कोरियात त्याच जागी त्यांचं वॉन. इथल्या कीबोर्डावर ¥ चं वेगळं बटण आहे, पाथ लिहायला ते दाबायचं. प्रत्येक फोल्डरला पैसे मोजत आत गेल्यासारखं वाटतं.

जुनी_फ्लॉपी (दुपारी २:४४)

वा! आणि ते मूळ \ देखील कीबोर्डावर तसं उपरंच. बॉब बीमर नावाच्या माणसाने १९६१ मध्ये ते आस्कीत घालायला लावलं. कशासाठी, तर अल्गॉल भाषेतली 'आणि', 'किंवा' ची चिन्हं बनवता यावीत म्हणून: /\ आणि \/. अल्गॉल गेली. डॉसच्या दुनियेत ते चिन्ह जवळपास रिकामंच होतं, म्हणून तर पाथला मोकळं सापडलं.

अवांतर: प्रॉम्प्टमध्ये आपण कुठल्या फोल्डरात आहोत ते दिसावं म्हणून आम्ही ऑटोएक्झेकमध्ये (मशीन चालू होताना आपोआप चालणारी फाइल) 'प्रॉम्प्ट $पी$जी' टाकायचो. मुळात नुसतं 'सी>' असायचं. $पी टाकण्याचा तोटा फ्लॉपीवर कळायचा. ए: वर असताना फ्लॉपी काढली आणि एंटर दाबला की, नुसता प्रॉम्प्ट दाखवण्यासाठी, तो ड्राइव्ह वाचायला जायचा. घर्र घर्र, आणि मग "अबॉर्ट, रिट्राय, फेल?" एफ दाबलं की प्रॉम्प्टच्या जागी "करंट ड्राइव्ह इज नो लाँगर व्हॅलिड>". शेवटचं > मात्र न चुकता. ते $जी चं.

पायथन_पाटील (दुपारी ३:०५)

आमच्या इन्स्टिट्यूटमध्ये एकाने प्रॉम्प्टमध्ये $ई (एस्केपची खूण) वापरून रंग भरले होते. लाल बॅकग्राउंडवर पिवळी लुकलुकणारी अक्षरं, आणि शेवटी "बोला साहेब>". सर आले, बघितलं, आणि गंभीरपणे म्हणाले, "व्हायरस आलाय, मशीन बंद करा." पोरगं बोललं नाही. आठवडाभर ते मशीन झाकून ठेवलं होतं.

शाळेतली_संगणकताई (दुपारी ४:१८)

१९८४ मध्ये सरकारने शाळांमध्ये 'क्लास' प्रकल्प सुरू केला, त्यातले बीबीसी मायक्रो आमच्या शाळेत आले होते. चालू केला की 'बीबीसी कॉम्प्युटर ३२के', खाली 'बेसिक', आणि खाली >. तिथे गंमत वेगळी. साधं काही लिहिलं तर ते बेसिककडे जायचं. ओळीच्या सुरुवातीला * लावला तर ती कमांड ऑपरेटिंग सिस्टिमकडे. *कॅट म्हणजे फाइलींची यादी. मी मुलांना सांगायचे, * म्हणजे वर्गाच्या मॉनिटरच्या डोक्यावरून थेट मुख्याध्यापकांकडे. आठवीतल्या मुलांना ते लगेच कळलं. सहकारी शिक्षकांना वेळ लागला.

तिजोरीवाला (संध्याकाळी ६:३७)

वर माईंनी रूटचं # म्हटलंय, त्यावरून आठवलं. जुन्या युनिक्समध्ये # ला अजून एक काम होतं, मागचं अक्षर खोडायचं. आणि @ ला अख्खी ओळ खोडायचं. कारण टेलिटाइपच्या कागदावरून अक्षर पुसता येत नाही, मग निदान खूण तरी दिसली पाहिजे.

नव्वदच्या दशकात मी एका बँकेच्या शाखेत कॉम्प्युटर बघायचो. तिथलं युनिक्स लॉगिनच्या वेळी अजून हाच जुना रिवाज पाळत होतं. नव्या मॅनेजरसाहेबांनी उत्साहाने पासवर्डमध्ये @ घातला. बदलताना काही अडलं नाही, कारण तोवर टर्मिनलची सेटिंग बदललेली असायची. दुसऱ्या दिवशी सकाळी लॉगिन होईना. साहेब पासवर्ड टाकतात, मशीन @ ला पोचलं की तोवरचं सगळं खोडतं, आणि उरलेली दोन अक्षरं तपासतं. बाहेर काउंटरला रांग. साहेबांचं ठाम मत, क्लार्कने पासवर्ड बदलला. शेवटी मी \ दाबून मग @ टाकायला लावलं, तेव्हा आत गेले. म्हणजे \ ने मला एकदा तरी वाचवलंय. तो क्लार्क पुढे रिटायर होईपर्यंत साहेबांशी नीट बोलला नाही.

सदाशिवपेठी_कमांडर (संध्याकाळी ६:५५)

हा किस्सा स्वतंत्र धाग्याचा ऐवज आहे.

अर्धवट_इंजिनियर (रात्री ९:१२)

सगळं दोनदा वाचलं. एका फालतू फोल्डरमुळे केवढं मिळालं.

पण ते फोल्डर काही जात नाही. लिनक्सवर 'आरएमडिर -पी' केलं तर म्हणतं "मिसिंग ऑपरंड". मग 'आरएम -आर "-पी"' केलं, अवतरणचिन्हात घालून. तर "इनव्हॅलिड ऑप्शन". अवतरणात घालूनही ऑप्शनच समजतंय!

माई_शेल (रात्री ९:२०)

अवतरण शेल वाचतं आणि काढून टाकतं. आरएमच्या हातात पडतं ते नुसतं -पी. त्याला काय ठाऊक तू ते कशात गुंडाळलं होतंस.

आणि त्या एररखाली अजून एक ओळ होती का रे?

अर्धवट_इंजिनियर (रात्री ९:२६)

...हो. "ट्राय 'आरएम ./-पी' टु रिमूव्ह द फाइल '-पी'." म्हणजे त्यानेच सांगितलं होतं. मी पहिल्या ओळीवरच भडकलो.

माई_शेल (रात्री ९:२८)

./ लावलं की नाव डॅशने सुरू होत नाही, मग ते नावच. किंवा सकाळी म्हटलं तसं आधी -- टाक. फोल्डर आहे म्हणून 'आरएमडिर ./-पी'. रिकामं नसेल तर ते स्वतःच नकार देईल, बरं असतं.

अर्धवट_इंजिनियर (रात्री ९:४०)

गेलं! पण तीच स्क्रिप्ट रोजच्या बॅकअपलाही लावलेली निघाली. तारखेच्या प्रत्येक फोल्डरात एकेक '-पी' आहे. मोजली, ४१. फाइंडने उडवू का?

डेक_दहा (रात्री ९:४४)

उडव, पण आधी -नेम आणि -एम्प्टी, आणि -डिलीट सगळ्यात शेवटी. फाइंड डावीकडून उजवीकडे वाचतं. -डिलीट आधी लिहिलंस तर ते नाव विचारायला थांबणार नाही.

अर्धवट_इंजिनियर (रात्री ९:४५)

बरं झालं एंटर दाबायच्या आधी इथे आलो.

चिवडा_मस्त (रात्री ९:५१)

जेवून आलो. काय चाललंय?